प्रोपेलरचे सहा बोल्ट

मागच्या शेडमध्ये इंजिन सुरू झालं की आई सगळ्यात आधी फळीवरचे डबे धरायची. कल्याणला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बैठ्या चाळीत शेवटच्या दोन खोल्या आमच्या होत्या आणि त्यांच्या मागच्या भिंतीला लागून दादाने पत्र्याची शेड बांधलेली होती. इंजिन शेडमध्ये लोखंडी घोडीवर बसवलेलं, पण त्याची थरथर भिंतीतून स्वयंपाकघरात यायची. पितळेचे डबे फळीच्या काठाकडे सरकायला लागायचे, पेले किणकिणायचे, आणि आई एका हाताने मिठाचा आणि दुसऱ्या हाताने कुळथाच्या पिठाचा डबा दाबून उभी राहायची. सुमनवहिनी म्हणायची, "आई, डबे खालीच ठेवू या ना कायमचे." आई म्हणायची, "नको. फळी रिकामी दिसली तर त्याला वाटेल आपण कंटाळलो." इंजिन बंद झालं की दोघी डबे पुन्हा मागे सरकवायच्या आणि पोळपाटाकडे वळायच्या. त्या दिवसांतली कुळथाची पिठी मला आठवते ती थोडी पेट्रोलच्या वासासकट.

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि दादा विशीचा. त्याचं नाव वसंत. त्याने डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर नोकरी धरली, मला शिकवलं, डिप्लोमापर्यंत नेलं. हे मी दोन ओळींत सांगतोय, कारण त्याने स्वतः ते कधी एका ओळीतही बोलून दाखवलं नाही. अंगाने किरकोळ, मान जराशी पुढे काढून चालणारा. इंजिन ऐकायची त्याची पद्धत होती: लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला लावायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचा, "दोन नंबरचा टॅपेट बोलतोय." मी कान लावला की मला नुसती खडखड ऐकू यायची. तरी मी म्हणायचो, "हो, बोलतोय." आज वाटतं, न पाहिलेल्या, न ऐकलेल्या गोष्टीला त्याच्यापुढे 'हो' म्हणायची सवय मला तिथेच लागली.

विमान आमच्या घरात आलं ते कर्णिक सरांमुळे. हवाई दलातून निवृत्त झालेले, ठाण्याला नौपाड्यात राहणारे, बायको गेलेली आणि एक मुलगी, नीला. नकाशे मागवून त्यांनी अॅल्युमिनियमच्या नळ्या आणि कापड यांचं एका माणसाचं छोटं विमान बांधलं होतं, इंजिन आणि प्रोपेलर पाठीमागे असलेलं. त्याचं परदेशी इंजिन जाम झालं आणि त्याचे भाग मिळेनात. एक बुश कातून घ्यायला म्हणून ते दादाच्या कारखान्यात आले आणि दादाने त्यांना सरळ विचारलं, "सर, हे इंजिन असं काय वेगळं करतं? हवा घेतं, पेट्रोल घेतं, फिरतं. आपल्याकडच्या गाड्यांची इंजिनं काय वाईट आहेत?" दुसऱ्या महिन्यात अपघातात चेपलेल्या एका छोट्या व्हॅनचं तीन सिलिंडरचं इंजिन हातगाडीवरून आमच्या शेडमध्ये आलं. मागून विमानाचा सांगाडाही आला, पंख काढून, टेम्पोतून.

सर दर रविवारी यायचे. आईने केलेल्या घावन्यांवर त्यांचा जीव होता. शेडच्या उंबऱ्यावर बशी मांडीवर घेऊन ते बसायचे आणि शंका काढायचे. "वसंतराव, गाडीचं इंजिन घाट चढताना दहा मिनिटं जोर लावतं, मग उतार लागतो. विमानात सगळा घाटच असतो."

"मग अर्ध्या ताकदीनं चालवू, सर. घोडा तगडा घ्यायचा आणि चालीचालीनं न्यायचा."

"तगडा घोडा जड असतो."

"खोगीर मी हलकं करतो की."

आणि त्याने खरंच केलं. जे जे नको ते काढलं, जे राहिलं ते लेथवर घासून हलकं केलं. विमानाच्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, एक मेला तर दुसरा चालतो. आमच्या इंजिनाला एकेकच होता, म्हणून दादाने निदान ठिणगी देणारी दोन वेगळी कॉइल बसवली आणि मधे एक बटण. सगळ्यात अवघड काम पट्ट्याचं होतं. गाडीचं इंजिन वेगाने फिरतं आणि प्रोपेलरला सावकाश फिरायला लागतं. तेव्हा मधे एक लहान पुली, एक मोठी पुली आणि दातेरी पट्टा. सरांना भीती त्याचीच होती. तीन सिलिंडरचं इंजिन गचके देत फिरतं, पुढे जड प्रोपेलर, मधल्या मधे पट्टा खाल्ला जाईल, असं ते म्हणायचे. दादाने त्यावर रबराच्या बुशांचा, गचके पोटात घेणारा एक जोड काढला. त्याची आकडेमोड त्याने वहिनीच्या जुन्या वाणसामानाच्या वहीत केली होती, आणि त्या वहीला घरात कोणी हात लावत नसे. आयुष्यात दादाने स्वतःच्या डोक्याने काढलेली ती एकच गोष्ट. ती चालली तर गाडीचं इंजिन हवेत जाऊ शकतं एवढंच सिद्ध होणार होतं, पण त्याला तेवढंच हवं होतं.

चाळीला मात्र करमणूक झाली होती. खाडीवरचे पांडूनाना जाळं खांद्यावर टाकून जाताना शेडमध्ये डोकावायचे. "काय रं वसंता, तुजा इमान कवा उडतंय? बायको इचारतंय, म्हावरा भिवंडीला इमानानं धाडू का म्हनून."

"नाना, तुमची पाटी ठेवली तर उडणार नाही, बुडेल."

"बुडंल तं बुडंल. पोहून येऊ." आणि हसत निघून जायचे. पण इंजिन चालू असलं की थांबायचे, आणि मान हलवून म्हणायचे, "आवाज झाक हाय."

प्रोपेलर लाकडाचा होता. दादा त्याला पंखा म्हणायचा आणि सर दर वेळी सुधारायचे. फाउंड्रीसाठी लाकडी साचे करणाऱ्या एका सुताराने फळ्या एकावर एक चिकटवून त्याला आकार दिला, पण मधली सहा भोकं मी पाडली. डिप्लोमा नुकताच झाला होता, नोकरी लागायची होती, आणि दादाने हे काम मला एकट्याला दिलं होतं. दोन दिवस मी ते केलं. सरांनी भोकात बोल्ट सरकवून बघितले आणि म्हणाले, "अविनाश, हे काम हवाई दलातही चाललं असतं." मी पुढे तीस वर्षं नोकरी केली, बढत्या घेतल्या, पण एवढं अंग फुलल्याचं आठवत नाही. गणपतीच्या दिवसांत, हवा इतकी दमट की मिठाला पाणी सुटत होतं, तेव्हा आम्ही प्रोपेलर चढवला. बोल्ट आवळायला दादाने जिवापाड जपलेला टॉर्क रेंच काढला. किती जोराने आवळलं ते काट्यावर दाखवणारा लांब पाना. सहाही बोल्ट एका आकड्यावर आणले. तेव्हा सर म्हणाले, "आत्ता हे लाकूड फुगलेलं आहे. ऊन पडलं, हवा सुकली की आकसेल आणि हेच बोल्ट ढिले पडतील. ढिला प्रोपेलर फिरताना बोल्टवर घासतो, लाकूड आतून जळतं, काळं पडतं, आणि मग जातो. तेव्हा चालवण्याआधी पुन्हा आवळायचे. विसरायचं नाही." दादा म्हणाला, "अवीकडे दिलं. त्याची भोकं, त्याचे बोल्ट."

नवरात्रात पाऊस संपला आणि ऊन कडक झालं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवाळ्याच्या पुढे एका ओळखीच्या माणसाच्या माळावर विमान न्यायचं ठरलं. उडवायचं नव्हतंच, त्याला सरकारी परवानगी लागते आणि तिचे अर्ज सर भरत होते. नुसतं जमिनीवर जोरात पळवून बघायचं होतं. खंडेनवमीला सकाळी दादा त्याच्या कारखान्यातल्या पूजेला निघाला आणि दारातून मला म्हणाला, "आई हत्यारं पूजेला घेईल. त्याच्या आधी बोल्ट बघून घे." मी म्हटलं, "अंघोळ करून बघतो." अंघोळ झाली, मग चहा झाला, मग मी पेपर वाचत बसलो. तोवर आई आणि वहिनीने शेडमधली सगळी हत्यारं धुऊन, तेलाचा हात फिरवून चौरंगावर मांडली होती. पाने, पकडी, कानस, आणि मधोमध टॉर्क रेंच, त्याच्या काट्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. आमच्याकडे पूजेतली हत्यारं दसरा संपेपर्यंत उचलत नाहीत. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं, हे मी इथे लिहून ठेवतो. काम टळलं होतं आणि टळायला देवाचं कारण मिळालं होतं. वहिनीने हाक मारली, मी जाऊन काळ्या वाटाण्यांचं सांबार आणि वडे खाल्ले, पाच की सहा.

दसऱ्याला माझ्या एका मित्राने नवी मोटरसायकल घेतली. तो ठाण्याला खोपटला, एसटी डेपोच्या मागे राहायचा. सकाळीच मी तिकडे गेलो. हार घातलेल्या गाडीवरून आम्ही दिवसभर ठाणं पालथं घातलं, तलावपाळीवर बसून आइस्क्रीम खाल्लं, ओळखीच्या घरांतून आपट्याची पानं देत फिरलो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा आईने हत्यारांवर अक्षता टाकून पूजा उतरवली होती. टॉर्क रेंच चौरंगावरच होता. उचलायला आता कुणाची आडकाठी नव्हती. मी दमलो होतो. सकाळी करू म्हटलं. सकाळी टेम्पो लवकर आला, पंख चढवायची घाई झाली, आणि राहिलं. पुढे बऱ्याच वर्षांनी मी वहिनीला गप्पांच्या ओघात विचारलं होतं, की नवमीला पूजेतून पाना मागितला असता तर आई रागावली असती का. ती म्हणाली, "आई? त्यांनी नमस्कार करून स्वतः काढून दिला असता. माणूस बसणार होता ना त्यात."

माळावर सरांनी चामडी टोपी घातली आणि आसनात बसून पट्टे आवळले. आम्ही सगळे नट-बोल्ट हाताने चाचपत विमानाभोवती फिरलो. प्रोपेलरपाशी दादा थांबला. त्याने एका पात्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बोल्ट बघितलेस?"

"हो."

"किती आवळावे लागले?"

"एकही हलला नाही," मी म्हटलं.

नुसतं 'हो' म्हणून थांबलो असतो तर कदाचित त्याने पुन्हा पाना लावून बघितला असता. पण ते दुसरं वाक्य इतकं पुरेपूर होतं, की त्याने मान हलवली आणि पुढच्या बोल्टकडे गेला. ते वाक्य मला कुठून सुचलं, मला माहीत नाही.

सर दोनदा माळाच्या टोकापर्यंत सावकाश गेले आणि परत आले. तिसऱ्यांदा त्यांनी इंजिन पूर्ण जोरात सोडलं. शेडमध्ये घोंगावणारा तो आवाज मोकळ्यावर वेगळाच वाटला, स्वच्छ, एका सुरातला. विमान आमच्यासमोरून गेलं आणि मी पाहिलं, दादाने पाहिलं, की चाकं जमिनीवरून सुटली होती. वीतभर असतील. खालच्या गवताची पाती चाकांना न लागता नुसती वाऱ्याने आडवी होत होती. दादाने माझं मनगट धरलं. मग आवाज बदलला. एक खरखर आली, मोठा फटका झाला, आणि इंजिन ओझं सुटल्यासारखं किंचाळायला लागलं. प्रोपेलर मागे उडाला, त्याचं एक पातं शेपटीच्या नळीवर आदळलं. विमान तिरकं होऊन चाकांवर आपटलं, बांधाकडे वळलं आणि बांधापलीकडे उलटं झालं. दादा धावला. मीही धावलो, पण मी पहिल्या पावलापासून प्रोपेलर कुठे पडला तेच बघत होतो.

सरांचा उजवा पाय मांडीपासून मोडला होता. ते शुद्धीवर होते आणि दादाला म्हणत होते, "पेट्रोल बंद कर, वसंता, आधी पेट्रोल बंद कर." टेम्पोतूनच त्यांना कल्याणला दवाखान्यात नेलं. दादा बरोबर गेला आणि मला सामान गोळा करून आणायला मागे ठेवलं. प्रोपेलर मला गवतात मिळाला. पाती तुटलेली होती, पण मधला भाग तसाच होता, माझ्या सहा भोकांसकट. भोकं आता गोल राहिली नव्हती, लांबट झाली होती, आणि त्यांच्याभोवतीचं लाकूड कोळशासारखं काळं होतं. सरांनी सांगितलं होतं तसंच, शब्दन्‌शब्द. मी तो तुकडा शर्टात गुंडाळला आणि दुसऱ्या गाडीने घरी आलो. घरी कोणी नव्हतं, आई आणि वहिनी दवाखान्यात गेल्या होत्या. मोरीजवळ पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. मी कोयत्याने त्या तुकड्याच्या ढलप्या केल्या आणि बंब पेटवला. सागवान आणि चिकटवायच्या रसायनाचा वास घरभर झाला. संध्याकाळी दादा आला, कपड्यांवर सरांचं रक्त होतं, आणि म्हणाला, "पाणी तापवून ठेवलंस ते बरं केलंस." त्याने त्या पाण्याने अंघोळ केली.

विमान घरी आणल्यावर दादाने सगळं उघडलं. ओझं सुटल्यावर इंजिन इतकं पळालं होतं, की दातेरी पट्टा फाटून पुलीत गुंडाळला गेला होता, आणि पुलीच्या तोंडाशी बोल्टांचे तुटके तुकडे अडकले होते. त्याने ते बघितलं आणि त्याचा क्रम उलटा लावला. आधी पट्टा फाटला, तो पुलीत अडकला, गचक्याने बोल्ट तुटले. सरांनी पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं, पट्टा खाल्ला जाईल. दादा शेडमध्ये उकिडवा बसून मला हे समजावून सांगत होता आणि मी ऐकत होतो. "माझं गणित चुकलं, अवी," तो म्हणाला. "गाडीचं इंजिन ते गाडीचंच." मी म्हटलं, "पण चाकं सुटली होती, दादा." तो म्हणाला, "वारा असेल."

सरांचा पाय बरा झाला, पण दोन इंच आखूड. दवाखान्यात नीला दादाला म्हणाली, "तुमच्या इंजिनावर विश्वास ठेवून बसले हो माझे बाबा." रागाने म्हणाली नाही, म्हणून ते जास्त लागलं. दादा पुढे दर रविवारी ठाण्याला सरांकडे जायचा, त्यांना काठी घेऊन जिन्यापर्यंत चालवायचा. सरांनी त्याला कधी बोल लावला नाही. एकदाच, मीही बरोबर गेलो होतो तेव्हा, त्यांनी विचारलं, "वसंतराव, बोल्ट पुन्हा आवळले होते ना?" दादा म्हणाला, "अवीने स्वतः बघितले, सर. एकही हलला नव्हता." सर माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "मग प्रश्नच नाही." नीलाने माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. मी पोहे खाल्ले.

वाणसामानाची ती वही दादाने रद्दीत दिली. इंजिन दुरुस्त करून पांडूनानांना दिलं. त्यांनी ते होडीला लावलं, पेट्रोलवर सुरू करायचं आणि रॉकेलवर चालवायचं. नऊ वर्षं ते खाडीत चाललं. नाना वाटेत भेटले की म्हणायचे, "वसंता, तुजा इंजान म्हातारा होत नाय रं." दादा हसायचा आणि म्हणायचा, "पाण्यावर चालतं, नाना." त्यानंतर त्याने स्वतःहून काहीही केलं नाही. घरातला मिक्सर बिघडला तरी दुरुस्तीला टाकायचा. शेडमध्ये वहिनी पापड वाळत घालायला लागली. लेथवर साहेब सांगतील ते काम करून तो निवृत्त झाला आणि टिटवाळ्याला नव्या इमारतीत दोन खोल्या घेऊन राहायला गेला. त्याच्या बाल्कनीतून तो माळ दिसत नाही, तिथे आता इमारतीच आहेत.

मी सांगणार नव्हतो असं नाही. आई गेल्यावर सांगू, सर गेल्यावर सांगू, असं म्हणत राहिलो. दोघंही गेली. मग गेल्या वर्षी इंजिनिअरिंगची तीन मुलं दादाचा पत्ता काढत आली, दोन मुलगे आणि एक मुलगी. त्यांना मोटरसायकलच्या इंजिनावर छोटं विमान करायचं होतं. मीही तेव्हा तिथे बसलो होतो. दादाने त्यांना चहा दिला आणि हात जोडल्यासारखं करून म्हणाला, "नका करू रे. गाड्यांची इंजिनं हवेत न्यायची नसतात. मी एका चांगल्या माणसाचा पाय घालवलाय." मुलगे कप खाली ठेवून उठायला लागले. मुलगी हट्टी होती. म्हणाली, "काका, पण बेल्टच आधी गेला हे कशावरून? प्रोपेलरचा मधला भाग बघितलेला का तुम्ही? त्यावर कळलं असतं."

"तो मिळालाच नाही," दादा म्हणाला. "गवतात कुठे गेला कोण जाणे. अवीने खूप शोधला."

मुलं गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. नवमीची सकाळ, पेपर, वडे, खोपट, माळावरचं वाक्य, काळी भोकं, बंब. मध्ये थांबलो नाही. दादा खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. माझं झाल्यावर त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग विचारलं, "हे तू कधी रचलंस?"

"रचलं नाही रे. खरं सांगतोय."

"त्या पोरीने विचारलं म्हणून तुला सुचलं."

"दादा, मी बोल्ट बघितलेच नव्हते."

"अवी," तो म्हणाला, "माळावर मी तुला विचारलं, तू म्हणालास एकही हलला नाही. तुझा तो आवाज मला अजून ऐकू येतो. खोटं बोलणारा माणूस असं बोलत नाही." त्याने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "खोटं तू आत्ता बोलतोयस. माझ्यासाठी. म्हाताऱ्या भावाला बरं वाटावं म्हणून. नको रे. माझी चूक मला राहू दे, ती मी सांभाळलीय इतकी वर्षं."

मी वहिनीला हाक मारली. विचारलं, "त्या दिवशी दवाखान्यातून आलीस तेव्हा बंबाला कसला वास येत होता, आठवतं का?" ती पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्याकडे आणि दादाकडे बघितलं. "कुठला बंब, भाऊजी? मला नाही आठवत." दाखवायला माझ्यापाशी काही नव्हतं. होतं ते मीच जाळलं होतं. दादा तिला म्हणाला, "अगं, याला जेवूनच जाऊ दे." आणि जेवताना तो मला आग्रह करून वाढत होता, पूर्वी कधी केला नव्हता इतका.

तीन महिन्यांनी तो गेला, झोपेतच. दहाव्याला नदीवर नीला आली होती, ठाण्याहून, केस पांढरे झालेले. सर गेल्यापासून त्यांच्या श्राद्धाच्या दिवशी दादा तिला न चुकता फोन करायचा, हे मला तिच्याकडून तेव्हा कळलं. ती म्हणाली, "या वेळी फोनवर तुमच्याबद्दलच बोलत होते. म्हणाले, नीला, माझं मन राखायला अवी सगळा दोष स्वतःवर घ्यायला निघाला होता. असा भाऊ मिळाला म्हणून मी हे सगळं निभावलं. बोलताना रडत होते हो ते. आणि मी त्यांना दवाखान्यात काय काय बोलले होते." तिचे डोळे भरून आले. घाटावर माझे पुतणे, वहिनी, चाळीतले जुने लोक, सगळे आमच्याकडे बघत होते. एवढं बोलायला तिला किती वर्षं लागली असतील, ते मला दिसत होतं. मी म्हणालो, "नीलाताई, ऐका." ती थांबली आणि डोळे पुसून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "जेवून जा." तिने माझ्यापुढे हात जोडले. मीही जोडले.